घरच्या जुन्या जीनचा इतिहास लिहायचा आहे: वह्या, रेचे आणि बंद वर्षांतली जमा कशी वाचायची?

दारव्हा_लाईन

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमच्या घराण्याचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचं जीन होतं. शेड पाडायच्या आत त्याचा नीट इतिहास लिहून काढायचा आहे. ऐकीव गोष्टी भरपूर आहेत, पण मला कागदावर आणि लोखंडावर टिकेल तेवढंच लिहायचं आहे.

हाती आलेलं सामान असं: संवत १९६५ पासूनच्या वह्या, त्यातल्या जुन्या मोडीत. शेडमध्ये गंजलेले रेचे (सरकीपासून रुई ओढून काढणारी यंत्रं), एकावर प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम असं ओतीव नाव. आवारात एक बॉयलर पडलेला आहे. गठाणींवर (रुईच्या दाबून बांधलेल्या गाठींवर) शाईने खूण उमटवायच्या पत्र्याच्या कोरीव पाट्याही सापडल्या.

विचारायचं हे की जीन नेमकं कधी उभं राहिलं आणि त्याची ताकद किती होती, हे यातून कसं काढायचं? संवत १९८० नंतरच्या काही वर्षी कापूस जमा शून्य आहे, तरी 'पूल' खात्यात दरवर्षी रक्कम येते, ती कशाची? इसवी सन १९७२ नंतर कापूस खरेदीचं खातंच बंद होऊन नुसती मजुरी दिसते, ते का? शेवटचं म्हणजे, एखादा रेचा चालू करून नव्या पिढीला दाखवता येईल का? दसऱ्याला करावं असा विचार आहे.

जुनी_वही

भाऊ, वह्यांपासून सुरुवात करा, पण आधी वर्ष आणि माप पक्कं करा. तिथे घोळ झाला की पुढचं सगळं चुकतं.

तुमचं संवत दिवाळीला बदलणारं असणार. कार्तिक ते डिसेंबरअखेरच्या नोंदींतून ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या नोंदींतून ५६. म्हणजे संवत १९८३ हे १९२६ च्या दिवाळीला सुरू होऊन १९२७ च्या दिवाळीला संपतं. जिनिंगचा हंगाम दोन्ही इंग्रजी सालांत पसरलेला असतो, म्हणून इतिहासात '१९२६-२७ चा हंगाम' असंच लिहा. वऱ्हाडातल्या सरकारी कागदांवर फसली (महसुली) साल आढळलं, तर ५९० मिळवून इसवी सन काढा आणि महिन्यानुसार एक वर्ष पुढे जातं का ते तपासा.

आता माप. मुंबई बाजाराची रुईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलो. जुनी पक्की गठाण ३९२ पौंडांची, बरोबर अर्धी खंडी. आजची १७० किलोची गठाण मेट्रिक मापं आल्यानंतरची. पण कापसाची खंडी आणि रुईची खंडी एकच धरू नका. गावोगाव कापसाचं माप वेगळं होतं, आणि त्याच वहीत बंगाली मण (४० शेर, सुमारे ३७.३ किलो) आणि मुंबईचा २८ पौंडी मण दोन्ही सापडू शकतात.

माप बरोबर लागलं की नाही हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. कापूस = रुई + सरकी + घट. १०० किलो कापसातून आज साधारण ३३ ते ३५ किलो रुई आणि ६३ ते ६५ किलो सरकी निघते. घट एक-दोन टक्के, कचरा जास्त असेल तर थोडी अधिक. तुमच्या बेरजेत घट १० टक्के येत असेल किंवा रुई-सरकी मिळून कापसापेक्षा जास्त होत असेल, तर चोरी किंवा हिशेबातली गडबड शोधण्याआधी माप तपासा. दहांतल्या नऊ वेळा मापच चुकलेलं असतं.

बेरीज जुळली की उतारा, म्हणजे शंभर किलो कापसामागे किती किलो रुई निघाली ते काढा. मला तरी जुन्या जिनाच्या वहीतला हाच सगळ्यात मोलाचा आकडा वाटतो, कारण त्यावरून आसपासच्या शेतांत काय पेरलं जात होतं ते कळतं. जुनी बनी, जिला बाजारात हिंगणघाट म्हणत, लांब धाग्याची होती, पण तिचा उतारा ३० टक्क्यांच्या खाली. रोझियम आखूड आणि जाड धाग्याची, पण उतारा ४० च्या आसपास. समजा, तुमच्या वहीत दहा-पंधरा वर्षांत उतारा २९ वरून ३७ वर चढला. याचा अर्थ रेचे सुधारले असा लावू नका. रेचा सरकीवर नसलेली रुई काढू शकत नाही. शेतकऱ्याने वाण बदललं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे अमेरिकन वाणं आली तसा हा आकडा ३३-३४ कडे सरकलेला दिसेल.

सरकीचं खातंही पाहा. सरकी विक्रीला जमा असेल तर कापूस घरचा खरेदीचा होता. सरकी विक्री नाही आणि 'मजुरी' अशी जमा आहे, तर दुसऱ्याचा कापूस मजुरीवर काढून दिला आणि सरकी मालकाला परत गेली. बहुतेक जीन दोन्ही प्रकार एकाच हंगामात करत, म्हणून पानं वेगळी काढा.

मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत निदान आकड्यांची पानं उजेडात सपाट ठेवून फोटो काढून घ्या. वाळवी लागलेली वही उन्हात टाकू नका, पानं कडक होऊन मोडतात. सावलीत वाऱ्यावर उघडी ठेवा, मऊ ब्रशने झाडा.

फिटर_पुसद

प्लॅटचं नाव पाहून जीनचं वय ठरवू नका, दादा. एक जीन बंद पडलं की त्याचे रेचे दुसऱ्याने घ्यायचे, ही विदर्भात सर्रास रीत होती. ओतीव नाव यंत्राचं वय सांगतं, तेही फक्त त्या सांगाड्याचं. सुऱ्या, दांडे, बुशेस स्थानिक ओतशाळेतून पुन्हा पुन्हा बदललेले असतात.

जागेवरून हलत नाही ते बघा. फरशीतल्या बोल्टांच्या जोड्या मोजा, त्यावरून रेच्यांच्या जागा किती ते कळेल. जीनघर दुमजली असेल तर रेचे वर, लाईन शाफ्ट (सगळे रेचे पट्ट्यांनी फिरवणारा लांब दांडा) खाली आणि सरकीही खाली पडते. भिंतीतल्या शाफ्टच्या ब्रॅकेटच्या खुणा चुना लावला तरी लपत नाहीत. इंजिनघरात फ्लायव्हीलचा खड्डा किती लांब-रुंद आहे ते मोजा. वाफेच्या इंजिनाला शेजारी विहीर किंवा हौद आणि धुराडं लागतंच. धुराड्याचा पाया सापडला तर जीन वाफेवर सुरू झालं असं धरायला हरकत नाही.

बॉयलर पुढून पाहा. भट्टीच्या दोन नळ्या असतील तर लँकेशायर, एकच असेल तर कॉर्निश. पुढच्या पत्र्यावर नोंदणी क्रमांक ठोकलेला असतो. वायर ब्रश आणि रॉकेलने हलक्या हाताने साफ करा, ग्राइंडर लावू नका, अक्षरं जातील. १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली प्रत्येक बॉयलरचं तपासणी पुस्तक ठेवावं लागे. क्रमांक मिळाला की बॉयलर विभागात अर्ज करा. बनवणारा, साल, दाब आणि कुठून कुठे हलवला ते त्यात सापडायला हवं.

वहीत खर्चाच्या बाजूला काय शोधायचं तेही सांगतो. वह्यांआधीच्या एखाद्या सुट्या कागदावर 'वरोरा कोळसा' दिसला तर ती नोंद १९०६ च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण वरोऱ्याची खाण तेव्हा बंद झाली. कोळसा आणि लाकूड थांबून क्रूड तेलाचे पिंप सुरू झाले, तो ऑइल इंजिनाचा हंगाम. पुढे तेलही थांबून वीजबिल येतं. एरंडेल हे वंगणासाठी. चामडं रेच्यातल्या फिरत्या रुळांसाठी (रोलरसाठी). हंगामात किती रुळांचं चामडं घेतलं यावरून खरोखर किती रेचे चालले याचा अंदाज येतो, आणि हा अंदाज परवान्यातल्या आकड्यापेक्षा खरा असतो. बारदान आणि लोखंडी पट्टी घेतलेली नसेल तर तुमच्याकडे प्रेस, म्हणजे रुई दाबून गठाणी बांधायचं यंत्र नव्हतं. मग रुई सैल गाठोड्यांत भरून बंडीने दुसऱ्याच्या प्रेसवर जात असणार.

ताकद काढायची तर: जुना डबल रोलर रेचा तासाला साधारण ४० ते ६० किलो रुई काढतो, सिंगल रोलर त्याहून बराच कमी. १२ डबल रोलर, १० तासांची पाळी आणि ५० किलोचा सरासरी वेग धरला, तर दिवसाला ६,००० किलो रुई, म्हणजे आजच्या मापाने ३५ गठाणी. हा आकडा कागदावरचा. रूळ खाचवायला, सुऱ्या लावायला, पट्टा तुटला म्हणून थांबायला लागतं, ते वजा करा.

अभिलेख_विदर्भ

'पूल' खात्याबद्दल. वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात जीन गरजेपेक्षा फार जास्त उभी राहिली. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, पुढे खामगाव आणि अमरावतीला फाटे गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रूळमार्ग, म्हणजे आपली शकुंतला, कापसासाठीच झाली. प्रत्येक स्टेशनाजवळ जीन आणि प्रेस. कापूस तेवढाच, रेचे दुप्पट. मग मजुरीचे दर कोसळू लागले.

यावर मालकांनी पूल (इंग्रजीतला 'pool', म्हणजे सामाईक करार) काढला. एका गावातले जीनमालक करार करत: दर सगळ्यांचा एकच, काही जीन चालवायची, बाकीची बंद ठेवायची, आणि एकूण नफ्यात प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा. बंद जीनलाही हिस्सा मिळे. तुमच्या शून्य कापसाच्या वर्षांतली जमा बहुधा हीच. तपासायचं असेल तर रक्कम हंगामाच्या शेवटी एकदम येते का, त्या वर्षी चामडं, एरंडेल, कोळसा यांचा खर्च जवळपास नाही का, आणि चौकीदाराचा पगार मात्र चालू आहे का, ते पाहा. तिन्ही जुळलं तर शंका उरत नाही.

इतिहास लिहिताना याची दुसरी बाजूही लिहा, एवढी विनंती आहे. पुलामुळे शेतकऱ्याला जिनिंगचा दर चढाच पडला आणि जीनमध्ये रुई-सरकीवर काम करणाऱ्या बायकांचा रोजगार बंद जीनबरोबर गेला. घराण्याच्या वहीत जमा दिसते तिथे गावात कुणाचा तरी खर्च झालेला असतो. आणखी एक खबरदारी: हिस्सा मिळवण्यासाठी जीन नुसतं उभं ठेवणंही फायद्याचं होतं, म्हणून पुलाच्या काळातला कागदोपत्री रेच्यांचा आकडा चालू रेच्यांचा समजू नका. फिटरभाऊंनी सांगितलेला चामड्याचा हिशेब इथे कामी येतो.

पत्र्याच्या पाट्यांविषयी: १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक प्रेसला स्वतःची खूण दिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गठाणीवर ती खूण व अनुक्रमांक बंधनकारक केला. कुणाच्या गठाणीत भेसळ किंवा पाणी निघालं तर मूळ प्रेसपर्यंत पोहोचता यावं, हा हेतू. जिनिंगची आणि प्रेसिंगची नोंदवही ठेवणंही त्याच कायद्याने आलं. तेव्हा पाटीवर खूण आणि आकड्यांची जागा असेल तर ती १९२५ नंतरची आणि प्रेसची. नुसती व्यापाऱ्याची अक्षरं असतील तर ती मालाची खूण, प्रेसची नव्हे. बारदान-पट्टीची खरेदी नसताना अशी पाटी घरात सापडली, तर दुसऱ्याच्या प्रेसवर आपला माल ओळखण्यासाठी ती ठेवलेली असू शकते.

कागद कुठे मिळतील? दुय्यम निबंधकाकडे गावाच्या नावाने जुनी सूची पाहा: गहाणखत, भाडेपट्टा, भागीदारीपत्र. तहसीलमध्ये त्या सर्व्हे नंबरचे जुने फेरफार आणि अकृषक परवानगी. घराण्यात कधी वाटणीचा दावा झाला असेल तर जिल्हा न्यायालयातला निकाल सोन्यासारखा, कारण त्यात रेचे, इंजिन, तराजू, बैलबंडी, सगळ्यांची यादी किमतीसह असते. नागपूरच्या अभिलेखागारात महसूल आणि उद्योग खात्याच्या फायली आहेत. तिथे घराण्याच्या नावाने नव्हे, पेढीच्या नावाने शोधा. पेढी बहुतेक वेळा बाप-लेकाच्या जोडनावाने असायची आणि माणसं गेल्यावरही नाव तेच राहायचं.

दारव्हा_लाईन

फार उपकार, तिघांचेही. वहीत बारदान कुठेच नाही, चामडं मात्र जीन चाललेल्या वर्षांत आहे. म्हणजे प्रेस आमचं नव्हतं. 'पूल' जमेच्या वर्षी चौकीदाराचा पगार आहे आणि कोळसा नाही. १९७२ आणि रेचा चालवण्याबद्दल कुणी सांगेल का?

गठाण_१७०

१९७२ चं उत्तर एका ओळीत: एकाधिकार कापूस खरेदी. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. राज्यातला कापूस योजनेलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला खरेदीची बंदी. त्यामुळे तुमच्या घराण्यासारखे जीनमालक व्यापारी होते, ते एका हंगामात नुसते मजुरीवाले झाले. कापूस योजनेचा, रुई योजनेची, सरकीही योजनेची. मालकाला क्विंटलमागे जिनिंगची मजुरी आणि प्रेस असेल तर गठाणीमागे प्रेसिंगची.

वहीत हा बदल तीन ठिकाणी दिसेल. खरेदी आणि हुंडी-व्याजाची खाती संपतात, कारण भांडवल गुंतवायचं कामच उरलं नाही. मजुरीचं येणं हंगाम संपून बराच काळ 'येणे बाकी' राहतं, म्हणून मजुरांचे पैसे द्यायला वेगळं कर्ज काढलेलं दिसतं. आणि 'घट' हा शब्द भांडणाचा होतो. ग्रेडनुसार वेगळ्या गंज्या, वेगळे लॉट, प्रत्येक लॉटचा अपेक्षित उतारा. कमी भरला तर मजुरीतून कपात. ओला कापूस वजन करून घेतला आणि दोन महिने आवारात वाळला, तर घट वाढणारच, त्यात चोरी असायलाच हवी असं नाही. कपातीची पत्रं सापडली तर खरेदीची आणि जिनिंगची तारीख शेजारी-शेजारी लिहा, अंतर आपोआप बोलेल.

भाव शेजारच्या राज्यात जास्त असला की सीमेवरून कापूस आदिलाबादकडे जायचा आणि त्या हंगामात इकडच्या जिनांची मजुरी घटायची. अशी खड्ड्याची वर्षं दिसली तर कमी पावसाला दोष देण्याआधी भाव तपासा.

१९८४ पासून योजनेचं काम कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आलं. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी पुन्हा मोकळी झाली आणि त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं होतं, त्यातून जीन-प्रेस सुधारायला अनुदान होतं. ज्यांच्याकडे भांडवल उरलं होतं त्यांनी नवे मोठे डबल रोलर, हवेने कापूस ओढणारी नळी आणि आवारातच प्रेस घातलं. तीस वर्षं नुसत्या मजुरीवर राहिलेल्या लहान जिनांकडे ते भांडवल नव्हतं. माझ्या मते दारव्हा-दिग्रस भागातली लहान घरगुती जीन बंद पडण्याचं मुख्य कारण हेच, पुढच्या पिढीचा आळस वगैरे नव्हे.

फिटर_पुसद

रेचा चालेल, पण दसऱ्याला नको. तेव्हा पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो. डिसेंबर-जानेवारीत करा. कापसात ओल ६ ते ८ टक्के हवी. यंत्र नसेल तर सरकी दाताखाली धरा: कट्कन फुटली तर कापूस वाळलेला, दबली तर अजून ऊन द्या. ओला कापूस रुळाला गुंडाळतो, रेचा अडतो आणि रुईत गुठळ्या पडतात.

जुन्या लाईन शाफ्टला हात लावू नका. सगळ्यात कमी गंजलेला एक रेचा उचलून वेगळ्या काँक्रीटच्या पायावर लेव्हलमध्ये बसवा आणि त्याला स्वतंत्र मोटर द्या. डबल रोलरला ५ एचपी लागते, सिंगल रोलरला त्याहून कमी पुरते.

सांगाडा वाकडा नसेल तर पहिलं काम रूळ. जुनं चामडं वाळून तडकलेलं असतं, त्यावर चालवायचं नाहीच. नव्या चकत्या घालून रूळ लेथवर एकसारखा करून घ्या आणि त्यावर तिरप्या खाचा पाडा. रुई ओढतात त्या खाचाच. रूळ गुळगुळीत झाला की तो फिरतो, कापूस नाचतो आणि रुई निघत नाही. नवा रूळ सुमारे ७ इंच व्यासाचा, झिजून साडेचारच्या आसपास आला की बदलतात, कारण फेरे तेवढेच राहून पृष्ठभागाचा वेग उतरतो.

मग सुऱ्या. स्थिर सुरी रुळाला पूर्ण लांबीभर सारखी टेकली पाहिजे. कागदाची पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये घालून ओढून पाहा, ओढ सगळीकडे सारखी लागली पाहिजे. जास्त दाबली तर रूळ तापतो, चामड्याची काळी भुकटी रुईत येते आणि आग लागते. सैल राहिली तर सरकीला रुई चिकटून राहते. हलती सुरी स्थिर सुरीवर गरजेपेक्षा जास्त चढली तर सरकी फुटते आणि तिची टरफलं रुईत जातात. फुटकी सरकी दिसली की थांबवा आणि ही सुरी आधी पाहा.

हाताने दोन-चार पूर्ण फेरे द्या. कुठेही घासलं नाही तर अर्धा तास कापसाशिवाय चालवा, नंतर वीज तोडून बेअरिंग आणि रुळाला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर सुरी पुन्हा लावा. मगच कापूस, तोही ओंजळीओंजळीने, खडे आणि लोखंड निवडून. खिळा किंवा खडा सुरीत आला की ठिणगी उडते.

पट्ट्याला आणि क्रँकला जाळी लावा, पदर, ओढणी, गमछा जवळ नको, आणि मुलं दोरीच्या पलीकडे. रेच्याजवळ एका टोपलीपेक्षा जास्त कापूस ठेवायचा नाही. पाण्याचे ड्रम आणि वाळूच्या बादल्या हाताशी. निघालेली रुई शेडमध्ये ठेवू नका. रुईच्या आत ठिणगी धूर न दाखवता धुमसत राहते, म्हणून ती उघड्यावर पातळ पसरून दुसऱ्या दिवशी हात घालून पाहा आणि मगच पोत्यात भरा. अडचण आली तर नागपूरला सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. रुळाचा आणि सुऱ्यांचा फोटो, मोजमापासकट, त्यांना दाखवा.